मुलीला ‘सस्टेनेबल डिझाइन’ शिकायचंय, पदवी कोणती घ्यावी?

प्रश्न बार्शीच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गणित-फिजिक्स चांगलं, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. आठवीत सोलर कुकर केला तेव्हापासून तिला पर्यावरणाशी जोडलेलं डिझाइनच शिकायचंय. एका खासगी विद्यापीठात ‘सस्टेनेबल डिझाइन अँड ग्रीन टेक्नॉलॉजी’ अशा नावाची चार वर्षांची पदवी आहे. फी वर्षाला साडेतीन लाख, हॉस्टेल-मेस वेगळं. ती घ्यावी, की आर्किटेक्चर, की सिव्हिल? यात नोकऱ्या आहेत का? आणि लॅपटॉप कोणता घेऊ?

मी आर्किटेक्ट आहे, गेली २२ वर्षं पुण्यात काम करतेय. पहिली सात-आठ वर्षं इमारती काढण्यात गेली. त्यानंतरची सगळी त्या इमारती का तापतात, किती वीज खातात आणि त्यांचं पाणी कुठे जातं हे शोधण्यात. अधूनमधून कॉलेजांत ज्युरीला, म्हणजे मुलांची कामं तपासायला, जाते आणि दरवर्षी दोन-तीन मुलं माझ्याकडे ट्रेनिंगला येतात. म्हणजे शिकताना काय सांगतात आणि साइटवर काय लागतं, दोन्ही समोर असतं.

उत्तर आधी सांगून टाकते. पहिली पदवी नावात ‘ग्रीन’ असलेली घेऊ नका. आर्किटेक्चर, सिव्हिल, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल, यांतलं एक जुन्या नावाचं शिक्षण तिला पक्कं करू द्या. ग्रीन हा वेगळा धंदा नाही. तोच धंदा, फक्त मोजून केलेला आणि नंतर जाऊन तपासलेला. हे मोजणं आणि तपासणं कोणतंही प्रॉस्पेक्टस शिकवत नाही, ते कसं शिकायचं ते पुढे सांगते.

त्याआधी माझीच एक फजिती. सतरा-अठरा वर्षांपूर्वी एका सहा मजली ऑफिस इमारतीच्या ग्रीन रेटिंगचं, म्हणजे पर्यावरणाच्या निकषांवर गुण देऊन मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं, काम माझ्याकडे होतं. रेटिंग मिळालं, तळमजल्यावर लिफ्टशेजारी प्रमाणपत्र लागलं, पेढे वाटले. आठ-नऊ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी तिथे गेले, तर चौथ्या मजल्यावर पश्चिमेच्या सगळ्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. खिडकीच्या मापाने कापून, ब्राऊन टेप मारून, अगदी नीटनेटकी. आणि भर दुपारी झाडून सगळ्या ट्यूब चालू. अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या, “मॅडम, साडेतीननंतर स्क्रीनवर काही दिसतच नाही हो.”

काच महागाची होती, उष्णता बऱ्यापैकी अडवत होती. पण खाली उतरलेला सूर्य सरळ डोळ्यांत जात होता. रेटिंगसाठी आम्ही उजेडाचं गणित मांडलं होतं ते दिवस-रात्र समान असतात त्या दिवसाचं, दुपारी १२चं. त्या वेळी तेवढं पुरत असे. बारा वाजता सूर्य वर असतो, पश्चिमेच्या काचेला तो शिवतही नाही. कागदावर नैसर्गिक उजेडाचा गुण मिळाला आणि प्रत्यक्षात उजेडावर ‘राशिभविष्या’चं पान चिकटलं. पश्चिमेला आडव्या छज्जाने भागत नाही, बाहेरून उभ्या फिन (पट्ट्या) किंवा जाळी लागते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. साडेतीनच्या उन्हाचं चित्र मी काढून पाहिलं नव्हतं, कारण त्याला गुण नव्हता.

आता पदव्यांकडे येऊ. एक कायद्याची गोष्ट फार पालकांना माहीत नसते. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टने राखीव आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता असलेली पदवी आणि तिथली नोंदणी असल्याशिवाय तो नावापुढे लावता येत नाही. तुमच्या त्या चार वर्षांच्या पदवीत इमारतींचे सुंदर प्रकल्प असतील, पण त्या पदवीने मुलगी आर्किटेक्ट होणार नाही. अभियंता होईल का, तर ती पदवी बी.टेक. आहे की बी.डेस. (डिझाइनची पदवी) की बी.एस्सी., आणि तिला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता आहे का, हे बघा. फोनवर विचारू नका, मान्यतेच्या पत्राची प्रत मागा. उद्या पालिकेच्या किंवा सार्वजनिक बांधकामच्या जाहिरातीत ‘स्थापत्य पदवी’ लिहिलेलं असेल तेव्हा खिडकीवरचा क्लार्क अभ्यासक्रमातले विषय वाचत बसणार नाही, पदवीचं नाव बघणार.

तिला ड्रॉइंगची आवड आहे आणि गणितही येतं, म्हणून माझा कल बी.आर्क.कडे. पाच वर्षं लागतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा पेपर २, आणि मग सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांना जेईईचाच पेपर लागतो. घरात बसून चित्र काढण्यापेक्षा मोटार उघडून बघायला आवडत असेल तर मेकॅनिकल घ्यावं आणि एसी-वायुविजनाकडे वळावं. त्या कामाला जाणकार माणसं कायम कमी पडतात. पाणी, सांडपाणी, सिमेंटला पर्याय हे सगळं सिव्हिलमध्ये येतं. सोलर म्हटलं की लोक गच्चीवरचं पॅनेल बघतात, पण त्याचा जीव इन्व्हर्टर, केबल, अर्थिंग आणि मीटरमध्ये असतो, म्हणजे इलेक्ट्रिकलमध्ये. आणि सोलर कुकरसारख्या वस्तूच करायच्या असतील तर यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी बी.डेस. हा रस्ता आहे, पण तिथल्या जागा मोजक्या.

‘ग्रीन’ घ्यायचं ते दुसऱ्या पदवीला. तोवर तिचं तिलाच कळलेलं असेल की इमारत आवडते, पाणी आवडतं की यंत्र. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात इमारतींच्या ऊर्जेवर गंभीर काम चालतं. आयआयटी मुंबईत १९८५पासून सीतारा नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं. तिथे मुलांना गावात राहून पाण्याच्या योजना, चुली, शेतीची अवजारं यांचा हिशेब करावा लागतो. त्याच आयआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या ‘टीम शून्य’ने २०१४ साली व्हर्सायच्या सोलर डेकॅथलॉन युरोपमध्ये सौर ऊर्जेवर चालणारं अख्खं घर उभं केलं होतं. आता सोलर डेकॅथलॉन इंडिया आहे. त्यात निरनिराळ्या शाखांची मुलं एकत्र संघ करतात आणि खऱ्या प्रकल्पावर नेट-झिरोचं, म्हणजे वर्षभरात वापरेल तेवढी ऊर्जा स्वतःच तयार करणाऱ्या इमारतीचं, डिझाइन करतात. कुठल्याही शाखेत गेली तरी तिला तिसऱ्या वर्षी असल्या संघात घुसायला सांगा. सिव्हिलचा मुलगा आर्किटेक्टला ‘हे उभं राहणार नाही’ म्हणतो आणि रात्री दोनपर्यंत वाद होतात, ते चार सेमिस्टरच्या लेक्चरांपेक्षा जास्त शिकवतात.

फार खर्च न करता चव बघायची असेल तर पाबळचा विज्ञान आश्रम बघून या, शिरूर तालुक्यात. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केला. तिथे एक वर्षाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा पदविका अभ्यासक्रम आहे: वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, सगळं हाताने. तुमच्या मुलीने तो करावाच असं नाही, पण तिथला जिओडेसिक डोम (त्रिकोणांच्या सांगाड्याचा घुमट) कसा बांधतात ते उभं राहून बघावं.

खासगी विद्यापीठाचा विचार तरीही करत असाल तर कॅम्पस बघायला जाल तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा आणि विचारा, “तुमच्या या इमारतीचं विजेचं बिल किती येतं? चौरस मीटरला वर्षाला किती युनिट?” जिथे हा विषय खरोखर शिकवतात तिथे कुणीतरी आकडा सांगेल, निदान ‘थांबा, विचारून सांगतो’ म्हणेल. जिथे नुसतंच नाव आहे तिथे तुम्हाला गच्चीवरचे सोलर पॅनेल दाखवायला नेतील. गेलात तर पॅनेलवर धूळ किती आहे तेही बघा. आणखी एक, डेटा लॉगर किती आहेत आणि ते कुणाच्या कपाटात आहेत हे विचारा. काडेपेटीएवढी वस्तू असते, दर दहा मिनिटांनी तापमान आणि आर्द्रता नोंदवत राहते. एका नामांकित ठिकाणी आठ लॉगर होते, आठही मूळ पॅकिंगमध्ये, कारण हरवले तर सरांच्या पगारातून कापणार होते.

इथून पुढचं तिला वाचायला द्या, मी तिच्याशीच बोलते.

तू बार्शीची, म्हणजे एप्रिल-मे काय असतो हे तुला सांगायला नको. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली झोपत असशील तर रात्री अकरालाही पंखा गरमच हवा फेकतो. आपण त्याचा हिशेब करू. खोली १२ चौरस मीटरची धर, म्हणजे साधारण १३० चौरस फूट. वर सहा इंची उघडा स्लॅब. भर दुपारी त्याचा वरचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापला आणि खोलीत ३२ अंश असले, तर फरक २८चा. असा स्लॅब दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला ढोबळमानाने साडेतीन वॅट उष्णता आत सोडतो. याला यू-व्हॅल्यू म्हणतात. २८ गुणिले ३.५ गुणिले १२ कर. ११७६ वॅट. छताला एक इस्त्री उलटी टांगून चालू ठेवल्यासारखं झालं. खरं म्हणजे ही उष्णता लगेच खाली येत नाही, स्लॅब ती पोटात ठेवतो आणि काही तासांनी सोडतो, म्हणून तर तुझी रात्र वाईट जाते. पण अंदाजाला हा हिशेब पुरतो.

आता गच्चीवर पांढरा चायना मोझेक (चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी) बसवला आणि पृष्ठभाग ४२ अंशांवर आला असं धर. फरक उरला १०चा, म्हणजे ४२० वॅट. त्याऐवजी स्लॅबवर ५० मिलिमीटर चांगलं इन्सुलेशन टाकलं तर यू-व्हॅल्यू साडेतीनवरून ०.५च्या आसपास येते. मग १६८ वॅट. दोन्हींचा खर्च काढ, कोणतं किती वर्षं टिकतं ते गावातल्या वॉटरप्रूफिंगवाल्याला विचार, आणि मग वडिलांना सांग काय करायचं ते. एवढं जमलं की ‘कूल पेंट’ विकणारा दारात आला तर त्याला काय विचारायचं हे तुला कळेल.

सुखद तापमान म्हणजे एसीचे २४ अंश असंही समजू नकोस. सेप्टच्या संशोधकांनी भारतीय कार्यालयांत माणसांना विचारून-मोजून एक सूत्र बसवलंय, आयमॅक म्हणतात. एसी नसलेल्या इमारतीत बाहेरच्या गेल्या महिनाभराच्या सरासरी तापमानाला ०.५४ने गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. बाहेरची सरासरी ३३ असेल तर आत साडेतीस अंशांच्या आसपास माणसाचं बरं चालतं. आपलं शरीर ऋतूबरोबर सरावतं, आजीला हे सूत्राशिवाय माहीत होतं. पण ग्राहकासमोर आजीचं नाव सांगून भागत नाही, आकडा लागतो.

पाण्याचंही असंच. परवा एका ज्युरीत एका मुलाच्या शीटवर मोठ्या अक्षरांत ‘१००% वॉटर सेल्फ-सफिशियंट हाउस’ लिहिलेलं होतं. शेजारी निळा बाण, ढग, थेंब. छप्पर १०० चौरस मीटर, पाऊस त्याने ६०० मिलिमीटर धरला होता. म्हटलं, करूया. थोडं वाया जाणार, म्हणून ८० टक्के पकडू. ४८ हजार लिटर. चार माणसं, माणशी १३५ लिटर, दिवसाला ५४०. ४८ हजार किती दिवस पुरतील? त्याने मोबाइल काढला. ८९. “आणि हे ४८ हजार लिटर ठेवायला ४ बाय ४ मीटरची, ३ मीटर खोल टाकी लागेल. ती प्लॅनमध्ये कुठाय?” पोरगा बिचारा प्लॅन उलटासुलटा करून बघायला लागला. त्याचं डिझाइन वाईट नव्हतं. पाणी बोअरजवळ मुरवायचं आणि टाकी लहान ठेवायची, असं त्याला करता आलं असतं. त्याला भागाकार कुणी करायला लावला नव्हता, एवढंच.

पण गणित आलं म्हणजे झालं असंही नाही, आणि ही माकडांची गोष्ट त्यासाठीच सांगतेय. साताऱ्याकडच्या एका वसतिगृहाचं काम होतं. वरच्या मजल्यावरच्या खोल्या फार तापतात अशी तक्रार. माझ्याकडे ट्रेनिंगला आलेल्या मुलीने आठवडा लावून एनर्जीप्लस या इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं: भिंती, स्लॅब, खिडक्या, हवामानाची फाइल, सगळं. मॉडेल म्हणालं, एप्रिलमध्ये दुपारी चारला खोलीत ३५ अंश. लॉगर लावले, तर ३९. चार अंश म्हणजे किरकोळ नाही. तिने स्लॅबची जाडी तपासली, रंग तपासला, दोन दिवस फाइलशी झुंजत बसली. शेवटी मी तिला एसटीत बसवून पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन: “मॅम, खिडक्या बंद आहेत. सगळ्या. दिवसभर.” का? तर माकडं येतात. आत शिरून मुलांचे डबे नेतात, म्हणून शिपाईमामा सकाळी नऊला मुलं शाळेत गेली की खिडक्या लावून कड्या घालतात, त्या संध्याकाळी साडेपाचला उघडतात. मॉडेलमध्ये खिडक्या दिवसभर सताड उघड्या होत्या.

उपाय काय केला असेल? खिडक्यांना बाहेरून वेल्डमेशची जाळी. गावातल्याच फॅब्रिकेटरकडून. स्लॅबवरचं इन्सुलेशन नंतर, पैसे आल्यावर केलं, ते लागणारच होतं. पण पहिल्या उन्हाळ्यात जो फरक पडला तो जाळीने पडला. त्या मुलीने नंतर रिपोर्टात शिपाईमामांच्या वेळा तक्त्यात घातल्या, ‘खिडक्या उघडण्याचं वेळापत्रक’ म्हणून. मला तो रिपोर्ट अजून आवडतो.

आता मातीच्या घरांबद्दल, कारण कॉलेजात गेलीस की पहिल्याच वर्षी कुणीतरी तुला सांगेल की जुनं ते सगळं निसर्गस्नेही आणि सिमेंट म्हणजे पाप. तुझ्या भागात माळवदाची घरं तू पाहिली असशील. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा दीड-दोन फुटांचा थर. उन्हाळ्यात आत गारवा असतो, मी स्वतः मोजलाय. पण ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हीच घरं माणसांवर कोसळली. भिंती दोन पदरी, मधे आरपार जाणारे दगड नाहीत, जोड मातीचा, आणि डोक्यावर कित्येक टनांचं ओझं. हजारो माणसं झोपेत गेली. औशाजवळ भेटलेले एक आजोबा मला म्हणाले होते, “पत्र्याखाली उकडतं गं, पण डोळा तर लागतो.” थर्मामीटर घेऊन गेलेल्या माणसाने हे वाक्य वहीत लिहून ठेवायचं असतं. माळवदाचा गारवा हवाच, पण तो हलक्या छतात, बांधलेल्या भिंतीत कसा आणायचा, हा तुमच्या पिढीने सोडवायचा प्रश्न आहे. ‘परंपरेकडे चला’ असं पोस्टर केल्याने तो सुटत नाही.

परंपरा आणि हिशेब दोन्ही एका हातात असलेला माणूस म्हणजे लॉरी बेकर. जन्माने इंग्रज आर्किटेक्ट, आयुष्याचा मोठा भाग केरळात काढला, २००७ साली तिरुवनंतपुरमला वारले. त्यांचा रॅट ट्रॅप बाँड तू स्वतः लावून बघ: विटा आडव्या न ठेवता काठावर उभ्या लावायच्या, मधे पोकळी सुटते. विटा साधारण चौथ्या हिश्श्याने वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. ऐकायला सोपं. मी पहिल्यांदा एका बंगल्यावर सांगितलं तेव्हा गवंड्याने थापी खाली ठेवली आणि म्हणाला, “ताई, भिंत पोकळ ठेवायची तर मालकाला तुम्ही सांगा, मी नाही.” दोन फूट भिंत नमुन्याला बांधली, ओळंबा लावला, मालकाला धक्का मारून बघायला लावलं, मग काम सुरू झालं. आणखी एक अडचण नंतर कळली: इलेक्ट्रिशियनने बोर्डासाठी चर मारली की पोकळी फुटते. वायरिंगचं आधी ठरवावं लागतं. हे असलं काही पुस्तकात वाचलं असतं तरी मला लक्षात राहिलं नसतं.

तेव्हा कॉलेजात असताना सुट्टीत एक महिना कुठल्याही साइटवर सुपरवायझरच्या हाताखाली जा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते हे वाचणं वेगळं आणि चौथ्या मजल्यावर बिगारी ती खांद्यावरून आणताना बघणं वेगळं. साध्या ओपीसी सिमेंटच्या एका गोणीमागे साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून दिवसाअखेर किती गोण्या ओल धरून वाया गेल्या ते मोज. तोही ग्रीन टेक्नॉलॉजीचाच धडा, फक्त त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही.

आता पुन्हा वडिलांकडे वळते. सर्टिफिकेटचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी नक्की सुचवेल. ग्रिहा ही टेरी ही संशोधन संस्था आणि केंद्राच्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने मिळून काढलेली आपली रेटिंग पद्धत. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योजकांच्या संघटनेची, २००१पासूनची, मुख्यालय हैदराबादला. लीड अमेरिकन. तिघांच्याही व्यावसायिकांसाठी परीक्षा आहेत. चांगला विद्यार्थी काही आठवड्यांच्या अभ्यासात पास होतो. शेवटच्या वर्षी एखादी द्यावी, बायोडेटा वर येतो. पण त्यावर लाखभर रुपयांचा क्लास लावू नका. त्यापेक्षा कायद्याने लागू होणारी कामं जास्त टिकाऊ. ऊर्जा संवर्धनाचा बांधकाम कोड २००७चा, तो २०१७ला सुधारला. घरांसाठी इको निवास संहिता २०१८ला आली, तिच्यात भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातलीय. हे आकडे काढून देणारी माणसं बिल्डरला लागणार आहेत. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेतलं तर ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची ऊर्जा परीक्षकाची परीक्षा आहे, चार पेपरांची, अनुभवाची अट आहे. ती अवघड आहे आणि कारखान्यांत तिला खरंच किंमत आहे.

नोकऱ्या आहेत का? आहेत, पण जाहिरातीत दिसतात तशा नाहीत. सगळ्यात जास्त मुलं सध्या कंपन्यांच्या अहवालांच्या कामात जातात. सेबीने सर्वांत मोठ्या १ हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, तेव्हापासून एक्सेल भरणाऱ्यांना मोठी मागणी आहे. पगार आमच्यापेक्षा बरा. काम म्हणजे पंधरा प्लांटमधून विजेची बिलं गोळा करायची आणि युनिटं जुळवायची. त्यात वाईट काही नाही, पण सोलर कुकर करणाऱ्या मुलीचं त्यात मन रमेल का, ते तुम्हीच बघा. आमच्यासारख्या छोट्या सल्लागार ऑफिसांत शिकायला खूप, पैसा कमी: गेल्या वर्षी रुजू झालेल्या मुलीला मी महिना २८ हजारांवर घेतलं, तीन वर्षांनी ती टिकली तर चित्र वेगळं असेल. सोलरमध्ये उलाढाल भरपूर आहे. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट गच्ची आणि दिवसाला चार युनिट, हा हिशेब आता गावोगाव तोंडपाठ झालाय, त्यात केंद्राची २०२४ची घरगुती सूर्यघर योजना. पण बरीचशी कामं विक्रीची. एक जागा मात्र रिकामीच दिसते. सोसायट्यांचे सांडपाणी प्रकल्प नीट चालवणारा, दुरुस्त करणारा अभियंता शोधून सापडत नाही. मी पाहिलेल्या एका सोसायटीत सांडपाण्यात हवा सोडणारा ब्लोअर फक्त तपासणीच्या दिवशी सुरू होतो, कारण विजेचं बिल कमिटीला परवडत नाही आणि वास कुणाला चालत नाही. तो प्रकल्प निम्म्या विजेत चालवून दाखवणाऱ्या मुलीला काम मागायला जावं लागणार नाही.

पैशांचं म्हणाल तर तुम्ही सांगितलेल्या पदवीचे फीचेच १४ लाख होतात, हॉस्टेल सोडून. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात प्रवेश मिळाला तर त्यातले बरेचसे वाचतील. ते तिच्या दुसऱ्या पदवीसाठी बाजूला ठेवा. कॅपची कागदपत्रं आत्ताच गोळा करायला लागा. जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर, जे लागू असेल ते. दरवर्षी हुशार मुलांची जागा एका कागदासाठी जाते.

आणि लॅपटॉप आत्ता घेऊच नका. आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष टी-स्क्वेअर, पेन्सिल आणि पुठ्ठ्याच्या मॉडेलवर जातं. दुकानदार आत्ता ‘आर्किटेक्चरला हेच लागतं’ म्हणून दीड लाखाचं यंत्र गळ्यात मारेल आणि गरज पडेल तोवर ते जुनं झालेलं असेल. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घ्या, १६ जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं. एनर्जीप्लस फुकट मिळतं आणि ड्रॉइंगच्या बऱ्याचशा सॉफ्टवेअरना विद्यार्थ्यांसाठी फुकट परवाने असतात, तेव्हा त्यावर खर्च नको. सध्या फक्त तापमान-आर्द्रता दाखवणारं एक छोटं डिजिटल यंत्र घेऊन द्या, पाचशे रुपयांच्या आत मिळतं. वरच्या खोलीत पलंगाच्या उंचीवर ठेवायचं, भिंतीला टेकवायचं नाही.